हरिश्चंद्राच्या कथेचे टाकून दिलेले शेवट

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं वसलेलें गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मगांव. बालपणींच त्या पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं आल्या, आणि नामदेवांच्या त्या घरांत दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणें करीत त्यांचें सारें आयुष्य गेलें. इ. स. १३५० मध्यें त्यांनीं देह ठेविला. स्वतःस त्या नामयाची दासी म्हणवीत. ह्या दासीच्या नांवावर जे शेंकडों अभंग गाथेंत छापलेले आहेत, त्यांत कृष्णजन्म, थाळीपाक, प्रल्हादचरित्र ह्यांच्या जोडीला एक हरिश्चंद्राख्यानहि आहे. जिचें राज्य गेलें, जिची भर बाजारांत विक्री झाली आणि जिला परक्याच्या घरीं राबावें लागलें, अशा राणीची ती कथा. जात्यावर बसणाऱ्या दासीच्या तोंडीं ती यावी हें अगदीं स्वाभाविक होय.

महाराष्ट्रांत ही कथा ठाऊक नाहीं असें घर विरळा. विश्वामित्रानें राज्य मागितलें आणि राजानें तें दिलें. दक्षिणा मात्र राहिली. ती फेडण्यासाठीं राजानें काशीच्या बाजारांत राणी तारामती विकली, रोहिदास विकला आणि शेवटीं स्वतःसहि विकलें. अयोध्येचा राजा डोंबाचा चाकर झाला आणि स्मशानांत प्रेतांवरील कर वसूल करूं लागला. पुढें रोहिदासाचा अंत झाला, आई त्याचें प्रेत घेऊन त्याच स्मशानांत आली, आणि धन्याशीं इमान राखणाऱ्या राजानें तिच्याकडेहि कर मागितला. येथपर्यंत सर्व कथेकऱ्यांचें बहुतेक एकमत आहे. पुढें काय झालें, ह्याविषयीं मात्र तीन हजार वर्षांच्या परंपरेंत एकवाक्यता नाहीं. ह्या कथेला अनेक शेवट आहेत. त्यांतील एक लोकांनीं पत्करला आणि बाकीचे टाकून दिले. टाकलेल्या त्या शेवटांचा इतिहास निवडलेल्या शेवटाइतकाच बोधप्रद आहे.

एका कथेला दोन शेवट असणें ही गोष्ट आजच्या चित्रपट पाहणाऱ्यांना नवी नाहीं. अतिमानवी पराक्रमाचे जे अमेरिकन चित्रपट जगभर चालतात, त्यांच्या बाबतींत योजलेला शेवट निराळा आणि दाखविलेला निराळा, असें कितीदां तरी घडलें आहे. १९७८ सालच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटांत नायक पृथ्वीभोंवतीं उलट फेरे घालून काळ मागें नेतो आणि मृत नायिकेस परत आणतो. हा प्रसंग मुळांत दुसऱ्या भागाच्या अखेरीस योजलेला होता. तो उचलून पहिल्या भागास जोडण्यांत आला आणि दुसऱ्या भागाचा शेवट दुसराच करावा लागला. मूळ दिग्दर्शक रिचर्ड डॉनर ह्यांच्या योजनेप्रमाणें जुळविलेला दुसरा भाग २००६ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां तोच उपाय प्रेक्षकांना पुन्हां एकदां पाहावयास मिळाला. आपल्याकडे १९७५ सालच्या ‘शोले’ची हकीकत प्रसिद्धच आहे. हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनीं गब्बरसिंगास ठार करतो, असा शेवट चित्रित झाला होता. एका माजी पोलिस अधिकाऱ्यानें कायदा हातीं घ्यावा हें परीक्षक मंडळास रुचलें नाहीं. म्हणून ऐन वेळीं पोलिस येऊन त्यास थांबवितात, असा शेवट करण्यांत आला. मूळ शेवटासह सिद्ध केलेली प्रत पन्नास वर्षांनीं, २०२५ सालीं, इटलींतील बोलोन्या येथील महोत्सवांत दाखविली गेली.

रंगभूमीवरहि हेंच चालत आलें आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्यें कॉर्डेलिया मरते. १६८१ सालीं नाहम टेट ह्यानें तिला जिवंत ठेवून तिचा विवाह लावून दिला, आणि इंग्लंडांतील रंगभूमीवर दीडशें वर्षांहून अधिक काळ तोच शेवट चालला. १८३८ सालीं मॅक्रेडी ह्या नटानें मूळ नाटक पुन्हां उभें केलें. आपल्या भवभूतीनें ‘उत्तररामचरितां’त तेंच केलें होतें. वाल्मीकीची सीता पृथ्वीच्या पोटांत जाते, भवभूतीची सीता रामाला परत मिळते. तेव्हां कथेचा शेवट बदलणें म्हणजे कथेचा द्रोह, असें एकदम म्हणतां येत नाहीं. तो कोणी, कशासाठीं आणि कशाच्या मोबदल्यांत बदलला, हें पाहावें लागतें.

हरिश्चंद्राची सर्वांत जुनी कथा ऐतरेय ब्राह्मणांत आहे, आणि ती वाचणाऱ्यास प्रथम आश्चर्याचा धक्काच बसतो. येथें सत्यवादी राजा नाहीं, डोंब नाहीं, स्मशान नाहीं. इक्ष्वाकुवंशांतील ह्या राजास शंभर स्त्रिया असून पुत्र नव्हता. नारदाच्या सांगण्यावरून त्यानें वरुणास नवस केला कीं, पुत्र होऊं दे, त्याच पुत्रानें तुझें यजन करीन. रोहित जन्मला आणि वरुण मागावयास आला. राजा म्हणाला, दहा दिवस होऊं देत. मग म्हणाला, दांत येऊं देत. मग म्हणाला, ते पडूं देत, पुन्हां येऊं देत, मुलगा शस्त्र धरण्याजोगा होऊं दे. अखेर रोहित रानांत निघून गेला आणि वचनभंगाबद्दल राजास उदराचा रोग जडला. ज्याचें नांव पुढें सत्यवचनाचा पर्याय झालें, तो आपल्या सर्वांत जुन्या कथेंत शब्द पुढें ढकलणारा एक घाबरलेला बाप आहे.

त्या कथेचा शेवट दुसऱ्याच एका मुलाच्या वांट्यास आला. रानांत अजीगर्त नांवाचा उपाशी ब्राह्मण रोहितास भेटला. त्याला तीन मुलगे होते. थोरला बापानें सोडला नाहीं, धाकटा आईनें सोडला नाहीं, आणि मधला शुनःशेप शंभर गाईंस विकला गेला. त्याला यूपाशीं बांधावयास कोणी मिळेना, तेव्हां आणखी शंभर गाई घेऊन बापानेंच त्याला बांधलें. मारावयास कोणी मिळेना, तेव्हां आणखी शंभर गाई घेऊन बापच शस्त्र पाजळीत पुढें आला. मुलानें देवांची प्रार्थना केली. ऋचेमागून ऋचा म्हणतां म्हणतां त्याचे पाश गळून पडले आणि राजाचा रोगहि उतरला. बापानें त्याला परत मागितलें असतां त्यानें जावयाचें नाकारलें, आणि विश्वामित्रानें त्याला आपला पुत्र केलें. येथील विश्वामित्र छळ करणारा नसून आश्रय देणारा आहे. राजसूय यज्ञांत अभिषेक झालेल्या राजास होत्यानें हें आख्यान ऐकवावें आणि सांगणाऱ्यास हजार गाई द्याव्यात, असें त्या ग्रंथांत सांगितलें आहे. म्हणजे राज्यावर बसलेल्या माणसाच्या कानीं प्रथम पडे ती विकल्या गेलेल्या एका मुलाची कथा. पुढें हरिश्चंद्राचें नांव मोठें झालें आणि शुनःशेप त्याच्या कथेंतून बाहेर पडला. विकलेल्या मुलाची जागा मात्र रिकामी राहिली नाहीं. तेथें राजाचाच पुत्र येऊन उभा राहिला.

महाभारताच्या सभापर्वांत नारद युधिष्ठिरास सांगतो कीं, इंद्रसभेंत राजर्षींमध्यें हरिश्चंद्रास स्थान आहे. त्याचें कारण तेथें राजसूय यज्ञ आणि मोठें दान हें दिलें आहे. दुःखाची कथा तेथें सांगितलेली नाहीं. ती विस्तारानें येते मार्कंडेय पुराणांत, आणि आज आपण जी कथा ओळखतों तिचें घर तेंच. तेथें राणीचें नांव शैब्या आणि मुलाचें रोहिताश्व आहे.

ह्या पुराणांत कथा कोठून सुरू होते हेंहि पाहण्याजोगें आहे. द्रौपदीचे पांच पुत्र लग्नापूर्वींच कां मारले गेले, असा मूळ प्रश्न आहे. उत्तर असें कीं, विश्वामित्र राणीला काठीनें मारीत असतां पांच विश्वेदेवांना दया आली आणि ते त्याच्याविरुद्ध बोलले. त्यानें शाप दिला, आणि ते पांच देव मनुष्ययोनींत द्रौपदीच्या पोटीं आले. अन्याय पाहून जे बोलले त्यांना शिक्षा झाली, अशा नोंदीनें ही कथा उघडते. नाटककारांनीं आणि चित्रपटकारांनीं हा भाग सहसा घेतला नाहीं.

पुराणांतील शेवट असा : सर्पदंशानें मेलेल्या मुलाचें प्रेत चितेवर ठेवून राजा आणि राणी दोघेंहि तींत प्रवेश करावयास निघतात. तोंच धर्म आणि इंद्र देवांसह प्रकट होतात. अमृताच्या सिंचनानें मुलगा उठून बसतो. इंद्र राजास स्वर्गास चलण्याचें आमंत्रण देतो. राजा म्हणतो, माझ्या धन्याची, चांडाळाची, आज्ञा झाल्याशिवाय मला येतां येणार नाहीं. तेव्हां धर्म सांगतो कीं, चांडाळाचें रूप मीच घेतलें होतें. येथें कथा संपावयास हरकत नव्हती. पण पुराणकार आणखी एक पाऊल पुढें जातो, आणि तेंच सर्वांत मोलाचें आहे. राजा पुन्हां नकार देतो. अयोध्येचे लोक माझ्या दुःखानें व्याकुळ झाले आहेत, त्यांना टाकून मी स्वर्गास कसा जाऊं, असें तो विचारतो. राजा राज्य भोगतो, यज्ञ करतो, विहिरी-तळीं बांधतो, तें सारें प्रजेच्या बळावर, म्हणून माझें जें पुण्य असेल तें त्यांच्यांत वांटलें जावें, असें त्याचें म्हणणें आहे. पुष्कळ काळ पुरणारें फळ एकच दिवस मिळालें तरी चालेल, पण तें त्यांच्याबरोबर मिळावें. इंद्रास हें मान्य करावें लागतें. अयोध्येचे नागरिक विमानांत बसून स्वर्गास जातात, आणि मागें विश्वामित्र रोहिताश्वास राज्याभिषेक करतो. हरिश्चंद्र स्वतः सिंहासनावर परत बसत नाहीं.

ह्या शेवटासहि शेपूट आहे. बारा वर्षें पाण्यांत तप करीत बसलेला वसिष्ठ बाहेर येतो, आपल्या यजमानाचे हाल ऐकतो आणि विश्वामित्रास बगळा होण्याचा शाप देतो. विश्वामित्र उलट शाप देऊन वसिष्ठास आडी नांवाचा पक्षी करतो, आणि ते दोन प्रचंड पक्षी जग हादरवीत लढतात. अखेर ब्रह्मदेव त्यांना सोडवितो. आणखी एका परंपरेप्रमाणें नारदानें हरिश्चंद्रास त्याच्या पुण्याविषयीं बोलतें केलें. राजानें स्वतःची थोरवी सांगितली आणि तो स्वर्गांतून खालीं घसरला. वाटेंत त्यास पश्चात्ताप झाला, म्हणून तो आपल्या लोकांसह आकाशांतच एका नगरींत राहिला. सत्यवादी राजाचा शेवटचा शत्रु स्वतःच्या सत्याचा अभिमान हा होता, असें ही कथा सुचविते. तीहि मागें पडली.

मग लोकांनीं निवडला तो शेवट कोणता? तेराव्या शतकाच्या सुमाराचा कन्नड कवि राघवांक ह्याच्या काव्यांत कथेस एक नवें वळण आहे. राणीवर राजपुत्राच्या खुनाचा आळ येतो, तिला मृत्युदंड होतो, आणि तो अंमलांत आणण्याचें काम तिच्या नवऱ्यावरच येतें. राजा खड्ग उचलतो आणि काशीचा विश्वनाथ प्रकट होऊन तें थांबवितो. दृश्य म्हणून ह्यास तोड नाहीं. चितेजवळ उभी असलेली दोन माणसें मरण पत्करतात, ती गोष्ट मनांत घडते. उगारलेलें खड्ग मात्र शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकासहि दिसतें. पुढील नाटककारांना आणि चित्रपटकारांना ह्या खड्गाचें आकर्षण वाटलें ह्यांत नवल नाहीं. ‘शोले’तील ठाकुराचा उचललेला पाय पोलिस येऊन थांबवितात. हरिश्चंद्राचा हात देव येऊन थांबवितो. थांबविणारा बदलला, युक्ति तीच राहिली. आणि सुपरमॅन काळ मागें फिरवून जें साधतो, तें इंद्र अमृताच्या थेंबांनीं पूर्वींच साधून गेला होता.

दादासाहेब फाळके ह्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला, तेव्हां ही कथा प्रथमच पडद्यावर आली. ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत तो लोकांस दाखविण्यांत आला. लांबी सुमारें ३७०० फूट, रिळें चार. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या, म्हणून उपाहारगृहांत काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदासाचें काम फाळके ह्यांच्या मुलानें, भालचंद्रानें केलें. चित्रीकरणाच्या काळांत खेळतां खेळतां तो दगडावर पडला, डोकें फुटलें आणि शुद्ध हरपली. काम थांबवावें असें मंडळींनीं सुचविलें. पण घ्यावयाचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचाच होता, आणि फाळके ह्यांनीं बेशुद्ध मुलासह तो पुरा केला, अशी हकीकत सांगतात. चितेवर मूल ठेवणारा बाप त्या दिवशीं कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंस होता.

त्या चित्रपटाचा शेवट पुराणांतील नव्हे. देव प्रकट होतो, हें सारें सत्त्वपरीक्षेसाठीं होतें असें उघड होतें, मुलगा उठतो आणि राजमुकुट राजास परत मिळतो. १९१७ सालीं फाळके ह्यांनीं हाच विषय ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ ह्या नांवानें पुन्हां केला. १९३२ सालीं कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे. त्यांतहि राणीच्या वधाची आज्ञा राजास होते, काशीविश्वेश्वर प्रकट होतो, पुत्र जिवंत होतो आणि राजा सिंहासनावर परत येतो. पुराणांतील सत्त्व पडद्यावर राहिलें, पण प्रजा गळाली. विमानें उडविणें फाळके ह्यांना कठीण नव्हतें. त्यांच्या ‘लंकादहना’त मारुति उडालाच होता. तेव्हां प्रजा गळाली ती साधनांच्या अभावीं नव्हे. ज्याचें गेलें त्याला परत मिळालें, एवढ्यानें प्रेक्षकाचें समाधान होत होतें, असेंच म्हणावें लागतें.

ह्या समाधानाची थट्टा करण्याचें कारण नाहीं. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगांत हें आख्यान ऐकून घरीं जाणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामाला जुंपावयाचें असतें. सत्याचा शेवट गोड होतो, हा धीर त्यास हवा असतो. राजकोट येथें लहानपणीं हरिश्चंद्राचें नाटक पाहून आपण कितीदां तरी रडलों, असें महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत लिहिलें आहे, आणि सर्वांनींच असें सत्यवादी कां होऊं नये, हा प्रश्न त्यांच्या मनांत तेव्हांपासून घर करून राहिला. नाटकाचा शेवट गोड होता म्हणून त्या प्रश्नाची धार कमी झाली नाहीं.

तथापि जें गेलें तें लहान नव्हतें. मुकुट परत मिळण्याचा शेवट सांगतो कीं, सत्य ही राजाची खाजगी मिळकत आहे. तो ती गहाण टाकतो आणि व्याजासह सोडवून घेतो. पुराणांतील शेवट सांगतो कीं, राजाचें पुण्य मुळांत प्रजेच्या श्रमांतून आलें आहे, आणि तिच्यावांचून मिळणारा स्वर्गहि त्याला घेण्याजोगा नाहीं. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ निघाला, तेव्हां कोल्हापूर हें संस्थान होतें, आणि परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो तसाच राहिला. आपल्या पुण्यांत रयतेचा वांटा आहे असें म्हणणारा राजा त्या काळच्या रयतेला पडद्यावर दिसला असता, तर तिच्या मनांत कोणते विचार उठले असते, ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं.

एक त्रुटि मात्र सर्वच शेवटांत सारखी आहे. मुकुट परत मिळो, स्वर्ग मिळो, कीं आकाशांतील नगरी मिळो, जिला विकलें त्या राणीला कोणी विचारीत नाहीं. परीक्षा राजाची असते आणि तिची किंमत ती भरते. पुराणांत तिच्यासाठीं बोलणारे पांच देव होते, त्यांना शाप मिळाला. म्हणूनच गंगाखेडच्या दासीच्या नांवावर हें आख्यान असणें महत्त्वाचें वाटतें. ही कथा लिहिणारे बहुतेक राजाच्या बाजूनें बसले होते. पहाटे उठून परक्याच्या घरचें दळण दळणें म्हणजे काय, हें मात्र त्यांपैकीं जनाबाईंइतकें क्वचितच कोणाला माहीत असेल.

फाळके ह्यांच्या हरिश्चंद्राचा आज फक्त आरंभींचा आणि अखेरचा भाग उरला आहे. सुमारें १४७५ फुटांची ती फिल्म पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत जतन केलेली आहे, आणि ती १९१३ ची नसून १९१७ च्या चित्रपटाची असावी, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. राज्य देण्याची सुरुवात आहे, मुकुट परत मिळण्याचा शेवट आहे. मधला भाग, ज्यांत बाजार भरतो आणि माणसें विकलीं जातात, तो नाहींसा झाला आहे. फिल्मचा तो तुकडा काळानें नेला, त्याला इलाज नाहीं. पण आख्यान सांगणाऱ्यानें तेवढाच भाग आपण होऊन गाळूं नये. गोदाकांठच्या गांवीं पुन्हां कधीं हरिश्चंद्राचें आख्यान लागलें, तर बुवांनीं मुकुटापाशीं थांबण्याची घाई करूं नये. अयोध्येची माणसें अद्याप वेशीबाहेर उभीं आहेत. त्यांना बरोबर घेतल्याशिवाय आपण येणार नाहीं, असें राजा इंद्रास सांगून चुकला आहे.